मिशनरी कोठें घडतो?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां विषय शोधण्यासाठीं मला फार दूर जावें लागलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या हाताखालून शिकून गेलेला आपल्याच गांवचा एक मुलगा सेमिनरींतून सुट्टीवर आला असतां मला भेटावयास आला होता. त्याची आफ्रिकेंत जाण्याची सिद्धता चालली होती. बोलतां बोलतां त्यानें विचारलें, "गुरुजी, परदेशीं मिशनवर जाण्याची तयारी खरोखर किती वर्षांची असते?" मी पडलों शाळामास्तर, इयत्ता आणि वर्षें मोजणें हा माझ्या हातचा मळ. तत्त्वज्ञानाचीं इतकीं वर्षें, धर्मशास्त्राचीं इतकीं, असें मी सहज सांगूं शकलों असतों. परंतु त्या मुलाला हिशेब नको होता, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. मीं उत्तर देण्याचें टाळलें, आणि तो गेल्यावर जुनीं चरित्रें काढून वाचीत बसलों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपण वसईचे लोक ह्या विषयाला परके नाहीं. संत गोन्सालो गार्सिया हा सुमारें १५५६ सालीं आपल्याच वसईंत जन्मला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई ह्या मातीची. येथील जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखालीं तो शिकला, आणि पंधरा-सोळा वर्षांचा असतांनाच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथें तो जपानी भाषा इतकी उत्तम बोलूं लागला, कीं धर्मशिक्षक म्हणून लोक त्याला शोधीत येत. संघांत प्रवेश मिळावा म्हणून त्यानें विनवणी केली. तो मिळाला नाहीं. निराश होऊन तो व्यापाराला लागला, त्यांत त्याला यशही आलें. तरी मन कांहीं त्यांत रमेना. अखेर मनिला शहरीं फ्रान्सिस्कन संघानें त्याला बंधु म्हणून आंत घेतलें. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्या मंडळीबरोबर तो पुन्हां जपानला गेला, तो दुभाष्या म्हणून. आणि सत्ताधीश हिदेयोशीपुढें त्या मंडळीचें बोलणें त्याच्याच तोंडून झालें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें जे सव्वीस जण क्रुसावर मारले गेले, त्यांत तो होता. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. हें सर्व आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु एक गोष्ट मला ह्या वेळीं नव्यानें दिसली. ज्या भाषेच्या बळावर हा वसईचा मुलगा पुढें दुभाष्या झाला, ती त्याला कोणत्याही संघाचा झगा अंगावर चढण्यापूर्वींच येत होती. ती त्याला जपानच्या रस्त्यांनीं आणि तेथील माणसांनीं शिकविली.

आतां गोव्याकडे वळूं. ज्याच्याविषयीं मुख्यतः बोलावयाचें, तो संत जोसेफ वाझ गोव्याचा. जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावली येथें; घराणें सांकवाळचें. बाहेरून पाहतां ह्याचें शिक्षण अगदीं यथास्थित झालें. पोर्तुगीज व लॅटिन भाषा त्यानें गांवीं शिकून घेतल्या. पुढें गोवा शहरीं जेझुइटांच्या सेंट पॉलच्या विद्यालयांत आणि डोमिनिकन संघाच्या सेंट थॉमसच्या विद्यालयांत त्याचें तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र पुरें झालें. १६७६ सालीं त्याला गुरुदीक्षा मिळाली. सांकवाळला त्यानें मुलांसाठीं लॅटिनची शाळा काढली. म्हणजे तोही कांहीं काळ आमच्याच धंद्यांतला! सिलोनमधील कॅथलिकांची दैन्यावस्था ऐकून तिकडे जाण्याची त्यानें परवानगी मागितली, तों वरिष्ठांनीं त्याला १६८१ सालीं कानडा प्रांतांत धाडलें.

ह्या कानडा प्रांताविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. मंगळूर, बसरूर, बार्कूर, गंगोळी ह्या बाजूला त्या काळीं दोन अधिकारांचा तंटा पेटला होता. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा पाद्रोआदो, आणि दुसऱ्या बाजूला रोमहून थेट नेमलेला बिशप. कोणाकडून संस्कार घ्यावे, ह्याविषयीं लोकांच्या मनांत गोंधळ माजलेला. तरुण वाझ गोव्याच्या बाजूचा वरिष्ठ म्हणून गेला होता, म्हणजे भांडणाच्या ऐन मध्यांत उभा राहिला. तीन वर्षें त्यानें तेथें देवळें सांवरलीं, शाळा घातल्या, पापनिवेदनें ऐकलीं, आणि ह्या तंट्यांत लोकांच्या आत्म्याची हेळसांड होऊं नये म्हणून धडपड केली. सेमिनरींत न मिळणारा एक धडा त्याला येथें मिळाला असावा असें मला वाटतें: धर्मकार्यांत सर्वांत मोठा अडथळा पुष्कळदां बाहेरच्या वैऱ्याचा नसून घरांतल्या मानापमानाचा असतो. आपल्या धर्मग्रामाच्या कमिट्यांत बसणाऱ्यांस ह्याचा अधिक खुलासा नको.

१६८४ सालीं तो परतला. त्या वेळीं गोव्यांतील एतद्देशीय धर्मगुरूंना युरोपीय संघांचीं दारें बंद होतीं. विद्या असो, शील असो, रंग आणि जन्म आड येत. म्हणून कांहीं गोवेकर धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांत चमत्कारी क्रुसाच्या देवळाजवळ एकत्र राहून प्रार्थनेचें व दारिद्र्याचें जीवन आरंभिलें होतें. १६८५ च्या सप्टेंबरांत वाझ त्यांना जाऊन मिळाला आणि लगेच त्यांचा वरिष्ठ निवडला गेला. संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरीचा नियम त्यांनीं स्वीकारला. आपल्याच लोकांनीं, आपल्याच लोकांतून मिशनरी तयार करून परदेशीं धाडणारें हें घर. पुढें दीड शतकभर सिलोनचें मिशन ह्या एका घरानें चालविलें. पैसा, माणसें, पत्रें, सर्व कांहीं तेथून जाई. बंधुभगिनींनो, आपल्या लोकांनीं नेहमीं मिशनरींचें स्वागतच केलें, कधीं मिशनरी दिला नाहीं, असें म्हणणाऱ्यांना हें घर दाखवावें.

मात्र एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. ज्यांच्या तोंडावर दार लावलें गेलें, त्यांनीं आपलेंही एक दार लावून घेतलें होतें. ह्या ओरेटरींत ब्राह्मण कुळांतल्यांनाच प्रवेश मिळे. चारडो कुळांतील धर्मगुरूंना पुढें चिंबल येथें कार्मेलाइट संघाच्या नांवें आपलें निराळें घर उभारावें लागलें. ज्युबिलीच्या दिवशीं हें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घराचा अभिमान बाळगावयाचा, त्याचा हा कोपराही दृष्टीआड होऊं नये.

आतां सिलोनची हकीकत. आज आपण ज्या देशाला श्रीलंका म्हणतों, त्याचा किनारा डच लोकांनीं, ज्यांना आपले पूर्वज वलंदेज म्हणत, पोर्तुगीजांपासून जिंकून घेतला होता. १६५८ सालीं जाफनाही त्यांच्या हातीं गेलें. कॅथलिक धर्मगुरूंना त्यांनीं घालवून दिलें, देवळें आपल्या पंथाकडे घेतलीं, आणि धर्मगुरूला थारा देणाऱ्यास कडक शासन ठरविलें. अशा ठिकाणीं उघडपणें जाणें अशक्य. म्हणून १६८६ सालीं वाझ वरिष्ठपद सोडून निघाला, आणि तुतिकोरिनच्या बाजूनें १६८७ सालीं जाफनाला पोहोंचला तो मजुराच्या, भिकाऱ्याच्या वेषांत, जॉन नांवाच्या एका विश्वासू सेवकासह. प्रवासाच्या हालांनीं पोहोंचतांच त्याला हगवण लागली, आणि उपाशी, आजारी अशा स्थितींत दोघे परक्यांच्या दयेवर पडून राहिले.

ह्यानंतरचा प्रसंग मी पुन्हां पुन्हां वाचला. जाफन्यांत कॅथलिक कोण आहे, हें विचारण्याची सोय नव्हती. एक चुकीचा प्रश्न पुरे झाला असता. तेव्हां वाझनें गळ्यांत रोजरीची माळ घातली आणि तो दारोदार भीक मागूं लागला. तो घरोघर उभा राही, आणि माळेकडे पाहून कोणाच्या डोळ्यांत काय हालतें, तें न्याहाळी. अशा रीतीनें एक घर सांपडलें, त्याच्या ओळखीनें दुसरें. जवळजवळ तीस वर्षांनीं त्या लोकांना मिस्सा मिळाली, ती रात्रीं, दारें लावून. सेंट थॉमसच्या विद्यालयांत धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला हा मनुष्य. परंतु त्याला वाट सांपडली ती मूठभर तांदुळासाठीं हात पुढें करून. जो शिकवावयास गेला, त्याला आधीं मागावें लागलें. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर कांहींसें येथें असावें, अशी माझी समजूत झाली आहे.

तमिळ भाषा त्यानें आत्मसात् केली. १६८९ च्या नाताळच्या रात्रीं जाफन्यांत डच शिपायांनीं उपासनेस जमलेल्यांवर छापा घातला. पुष्कळ लोक पकडले गेले. वाझ मात्र हातीं लागला नाहीं. पुढें पुत्तळमला राहून १६९२ सालीं तो कॅण्डीस गेला. तेथें डचांची सत्ता नव्हती, सिंहली राजाची होती. परंतु पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्याच्याविरुद्ध चुगली झाली आणि त्याला अटकेंत टाकण्यांत आलें. ही अटकच त्याची दुसरी सेमिनरी ठरली. त्या बंदिवासांत तो सिंहली भाषा शिकला. अंगणांत एक झोंपडी उभारून त्यांत त्यानें वेदी मांडली. आणि हळूहळू राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याचा संशय फिटत गेला. १६९६ च्या अवर्षणांत वाझनें क्रुसापुढें प्रार्थना केली व पाऊस पडला, असें परंपरा सांगते. पुढल्याच वर्षीं कॅण्डींत देवीची सांथ आली. लोक आजाऱ्यांना रानांत सोडून पळूं लागले. वाझ त्यांना शोधून काढी, त्यांना झोंपड्या बांधून देई, हातानें भरवी, धुई, आणि मेलेल्यांना पुरी. ह्यांत ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हें तो पाहत नसे. पावसापेक्षां ह्या सेवेनेंच राजाचें मन अधिक जिंकलें असें मला वाटतें. वाझचा भाचा फादर कार्व्हाल्यो ह्याला कॅण्डींतून घालवून दिलें होतें. त्याला परत येऊं देण्यास राजा ह्या सेवेमुळें राजी झाला.

बिशपपद त्याच्याकडे चालून आलें. त्यानें तें नाकारलें. १६ जानेवारी १७११ रोजीं कॅण्डी येथें त्याचें देहावसान झालें. त्याचें थडगें नेमकें कोठें होतें, हें आज कोणासही दाखवितां येत नाहीं. १९९५ च्या जानेवारींत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं कोलंबो येथें त्याला धन्य म्हणून जाहीर केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरीं समुद्रकांठच्या मैदानावर पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्याला संतपद दिलें.

त्याच्या मागून आलेल्यांपैकीं एकाचें नांव घेतल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. दिवाडी बेटावर १६७६ सालीं जन्मलेला फादर जाकोम गोन्साल्व्हिस १७०५ सालीं सिलोनला पोहोंचला. त्यानें तमिळ व सिंहली ह्या दोन्ही भाषांत इतकें लिहिलें, कीं सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा तो जनकच मानला जातो. त्याच्या एका मोठ्या सिंहली ग्रंथाचें नांव 'देव वेद पुराणय' असें आहे. 'पुराण' हा शब्द ऐकतांच आपले कान टवकारतात. कारण त्याच्या आधीं सुमारें शंभर वर्षें, १६१६ सालीं, एका इंग्रजानें, फादर स्टीफन्सनें, आपल्या मराठींत 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केलें होतें. परदेशांतला एक मनुष्य आमच्याकडे आला आणि आमच्या भाषेंत पुराण सांगून गेला; आमच्याकडचा एक परदेशीं गेला आणि तेथल्या लोकांना त्यांच्या भाषेंत पुराण देऊन आला. देणें कितपत फिटलें, तें देव जाणे.

ओरेटरीचें तें घर आज नाहीं. पोर्तुगालच्या सरकारानें धर्मसंघ बंद केले, तेव्हां १८३५ सालीं तेंही बंद पडलें. चमत्कारी क्रूस आतां जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्यें आहे. मूळ देवळाच्या मात्र भिंती तेवढ्या उरल्या आहेत. मी त्या पाहून आलों. भिंतींतून झाडें उगवलीं आहेत. सेंट झेव्हियरच्या शवपेटीकडे जाणारी यात्रेकरूंची रीघ लागली होती. ह्या बाजूस मात्र माझ्याखेरीज कोणी नव्हतें, एक गुराखी सोडल्यास. त्याला मीं विचारलें, तर त्याला देवळाचें नांव ठाऊक होतें, वाझचेंही होतें. मला बरें वाटलें.

आतां त्या मुलाविषयीं सांगून मी आपली रजा घेतों. तो यथाकाल पूर्व आफ्रिकेंत गेला. निघण्यापूर्वीं मीं त्याला ह्यांतलें बरेंचसें सांगितलें होतें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें, जसें विद्यार्थी मास्तरांचें ऐकतात. पुष्कळ महिन्यांनीं त्याचें पत्र आलें. सकाळीं तो स्वाहिली भाषेचे पाठ घेतो. पण खरे मास्तर संध्याकाळीं भेटतात, असें त्यानें लिहिलें होतें. हे मास्तर म्हणजे सात-आठ वर्षांचीं मुलें. त्याचे उच्चार ऐकून तीं पोट धरून हसतात, आणि तो नीट बोलेपर्यंत त्याला सोडीत नाहींत. पत्र मराठींत होतें, अक्षर पूर्वींसारखेंच वळणदार. पण एका वाक्यावर मी अडखळलों. "येथें माजी फार लांबून आणावें लागतें," असें तें होतें. माजी म्हणजे कोण, कुठला, ह्याचा मला उलगडा होईना. मग शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनीं सांगितलें, कीं स्वाहिलींत पाण्याला माजी म्हणतात. आपण मराठींत लिहितां लिहितां तो शब्द वापरून गेलों, हें त्याच्या ध्यानांतही आलें नसावें.