मशेरीची डबी आणि सुका बांगडा

(मालवण येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी आपल्या माणसांच्या तोंडावर बोलणार आहे.

माझी आये दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राबायची. दुपारची पेज मिळाली नाही की मशेरीची डबी उघडायची. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू हिरड्यांना लावली की भूक मरते. गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा म्हणाली, "चट्टो तो, जातलो." चट्टा राहिला, आये गेली. एका डॉक्टरने विचारलं होतं, "सुकी मासळी खाता ना तुम्ही लोक?" ते 'तुम्ही लोक' अजून टोचतं.

तेव्हा हिशेब नीट करू. चीनमधल्या एका खास पद्धतीच्या खारवलेल्या माशाने नाकामागच्या भागाचा कॅन्सर होतो, हे सिद्ध आहे. तो निकाल आपल्या सुक्या बांगड्याचा नाही. फार खारट खाण्याचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध दिसतो, म्हणून खारा धुऊन शिजवा, ताटात भाजी घ्या. पण भाजी विकत घ्यायची मजुरी कोण देणार, हा प्रश्न आहारशास्त्राचा नाही, व्यवस्थेचा आहे.

खरा मारेकरी तंबाखू. आणि सुपारीसुद्धा! तंबाखू न घालता नुसती सुपारी चघळली तरी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली छापून सांगितलं. सुपारीने गाल आतून ताठरतात, तोंड उघडेनासं होतं. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली. पुडी कुठे मिळते ते तुम्हांला माहीत आहे, मला सांगू नका.

काही जण म्हणतात, खेड्यात कॅन्सर कमी. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंद 1987 साली बार्शीला सुरू झाली. तिथले आकडे मुंबईपेक्षा कमीच निघाले. पण बाबांनो, ज्याच्या गाठीचा तुकडा कधी तपासलाच नाही, तो माणूस नोंदीत यायचा कसा? आपला रोगी बांबोळीला जातो, नाहीतर 500 किलोमीटरवर परळला. एसटीचं तिकीट, बुडालेली मजुरी, फुटपाथवरचा मुक्काम. म्हणून तो उशिरा जातो. मग म्हणतात, अडाणी आहे.

उपाय चंद्रावरचा नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. 2005 साली निकाल आला: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. लागलं काय? उजेड आणि शिकवलेला डोळा.

म्हणून ठराव मांडतो. आरोग्यसेविकेला घेऊन प्रत्येक वाडीत जायचं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, आखडलेलं तोंड दिसलं की नाव लिहायचं, त्या माणसासोबत तालुक्याला जायचं, तुकडा तपासून घेतल्याशिवाय परत यायचं नाही. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी ठरल्या दिवशी झालीच पाहिजे, म्हणून मोर्चा काढायचा.

आणि सुरुवात आपल्यापासून. खिशातली पुडी आत्ता, इथे, टेबलावर ठेवा.

जयभीम.