कृष्णाकाठी आपले स्वागत

आपत्तीविषयीच्या लेखनावरील या संमेलनाला सांगलीहून योग्य गाव मला दिसत नाही. २००५ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५४ फुटांच्या आसपास चढली. तो पूर पुढे घरोघरी सांगितला गेला : पाणी कुठल्या पायरीला लागले, कुणाच्या उंबऱ्याशी थांबले. २०१९च्या ऑगस्टमध्ये इशारे निघत असतानाही अनेक कुटुंबे त्याच आठवणीच्या भरवशावर घरात थांबली. पाणी ५७ फुटांवर गेले. आठवण खरी होती, पण तिच्या शेजारी पातळीचा आकडा आणि ‘यापेक्षा जास्तही येऊ शकते’ हे वाक्य कुणी लिहिले नव्हते. ते लिहिणे हे संपादकाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी इशाऱ्याचे दुखणे नेमके उलटे. त्यात क्युसेक असतात, ४५ फुटांची धोका पातळी असते; पण आपल्या गावाचा कोणता रस्ता आधी बंद होणार, हे नसते. दावणीला म्हैस बांधलेली असताना घर कोण सोडेल? जनावरे आणि वैरण कुठे न्यायची, हे सांगितल्याशिवाय ‘सुरक्षित स्थळी जावे’ या सूचनेला अर्थ येत नाही. इशाऱ्याची भाषा अशी सोपी केली की अचूकता जाते, असे अभियंते म्हणतात. आकडा गाळला तर जाईलच. म्हणून तो ठेवून त्याच्याजवळ गावातली खूण लिहावी. दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो : पूरग्रस्तांच्या सांगण्याला आपण कात्री का लावावी? लावूच नये. त्यांचे शब्द तसेच राहू द्यावेत, सोबत तारीख आणि पातळी द्यावी. कारण कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ची पातळी २०२१ने दोनच वर्षांत ओलांडली. हवामान असे बदलत असताना भिंतीवरची जुनी खूण ही पाण्याची मर्यादा मानणे जिवावर बेतेल.

म्हणून या संमेलनात इशाऱ्यांचे आणि बातम्यांचे मसुदे आधी नदीकाठच्या मंडळींपुढे वाचले जातील. त्यांना जे वाक्य कळणार नाही, ते तिथेच बदलायची तयारी ठेवून संपादकांनी बसावे, ही यजमान म्हणून माझी विनंती.