गावातील स्वयंसेवक मंडळ : कामांची वाटणी आणि निर्णयाची रीत

(मावळ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकारी ह्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की आपल्या मावळात दोन गोष्टी हटकून होतात. भाताच्या रोपांची धांदल सुरू होते, आणि लोणावळा, भुशी, लोहगड, भाजे ह्या वाटांनी पाहुण्यांची रीघ लागते. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो पाहावयास येणारा मनुष्य आनंदासाठी येतो, परंतु आपल्या ओढ्यांचा स्वभाव त्यास ठाऊक नसतो. म्हणून गावोगाव तरुणांची मंडळे उभी राहिली आहेत. कोणी साकवावर पहारा करतात, कोणी गडाची स्वच्छता करतात, कोणी दिंडीच्या वाटेवर पाण्याची सोय पाहतात. आणि बहुतेक ठिकाणी चिटणीस म्हणून नाव असते ते शाळेच्या गुरुजींचे किंवा बाईंचे. अक्षर चांगले, हिशेब चोख आणि गावातील कोणत्याच भावकीचे नाहीत, ह्या तीन गुणांवर आपली निवड होते.

ह्या निवडीविषयीच आज मला बोलावयाचे आहे, कारण तीत मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो आहे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी पवन मावळातील एका लहान गावी होतो. तेथील तरुण मंडळाची वही मी लिहीत असे. वर्गणी माझ्याकडे जमा होई. सभेचा दिवस मी ठरवी, सूचना मी फळ्यावर लिही. मंडळाने वर्गणीतून दोर, कंदील, टिकाव-फावडी आणि एक प्रथमोपचाराची पेटी घेतली होती. ती एका लोखंडी ट्रंकेत शाळेच्या खोलीत असत, आणि ट्रंकेची किल्ली माझ्या खिशात असे. तीन वर्षे काम उत्तम चालले. गावकरी म्हणत, गुरुजी आहेत तोवर आम्हांस काळजी नाही. मला त्या वाक्याचा अभिमान वाटे. त्यातील दोष दिसत नसे. पुढे माझी बदली झाली. दोन वर्षांनी त्या गावी गेलो तेव्हा ट्रंक जागच्या जागी होती, कुलूप गंजले होते. मंडळाची सभा माझ्यानंतर एकदाही भरली नव्हती. आणि किल्ली? ती माझ्या घरी, जुन्या पेन्सिलींच्या डब्यात पडून होती. मधल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तेव्हा मुलांनी दोर मिळवला तो शेजारच्या गोठ्यातून, गुरांचा. सुदैवाने त्या दिवशी कोणी दगावले नाही.

मंडळ मोडले ते आळसामुळे नव्हे. मी सर्व कामे स्वतःकडे ठेवली होती, हे त्याचे कारण.

आता कामांची वाटणी म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ ह्या स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते दऱ्याखोऱ्यांत अडकलेल्यांच्या मदतीस जातात, हे आपण जाणताच. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा शोधकार्यात ही मंडळी होती. कड्यावरील किंवा पाण्यातील असे काम बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की तेथे मानाची पदे नसतात, केवळ कामे असतात. एक जण दोरावरून उतरतो. एक जण वर दोर सांभाळतो. एक जण केवळ गाठी आणि दोर बांधल्याची जागा तपासतो. त्याने होय म्हटल्यावाचून कोणी उतरत नाही. कोणी पोलिसांशी व दवाखान्याशी बोलावयाचे, कोणी गर्दी मागे सारावयाची, कोणी आप्तांजवळ बसावयाचे, हेही ठरलेले असावे लागते. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, आणि त्यासाठी बहुधा कोणाचेही नाव आगाऊ ठरलेले नसते.

अशा प्रसंगी मतदान होत नाही. एकाचा शब्द चालतो. परंतु तो एक कोण, हे कोरड्या दिवशी, सर्वांनी बसून ठरवावयाचे असते. ही दोन प्रकारची वेळ आपल्या गावातील मंडळे नेहमी एकमेकींत मिसळतात. पूर आल्यावर चर्चा करतात आणि निवांत सभेत मात्र एकच जण हुकूम सोडतो. हे अगदी उलट झाले पाहिजे. आणखी एक गोष्ट: पुढे चला असे म्हणण्याचा अधिकार एकाकडे असावा, परंतु थांबा असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या कार्यकर्त्यासही असला पाहिजे. त्याने थांबविले आणि धोका नव्हता असे मागाहून दिसले, तरी त्याची चेष्टा होता कामा नये. चेष्टा एकदा झाली की तो दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही.

कोणी मागे राहावयाचे, हेही आधी ठरवावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. भर पावसात अंधारात डोंगर चढून माणसे मदतीस गेली, आणि त्या चढणीवर अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. अनुभवी, शिस्तीच्या माणसावर जेथे असा प्रसंग येतो, तेथे आपल्या गावच्या हौशी मंडळींनी तर अधिकच जपले पाहिजे. पायथ्याशी थांबून नोंद ठेवणे हे कमीपणाचे काम नाही, हे आपण शिक्षकांनी स्वतः ते काम पत्करून दाखवावे.

आता निर्णयाकडे येतो. ह्याबाबत आंदर मावळातील एका गावची हकीकत सांगतो; गावाचे नाव सांगण्याची गरज नाही. गावाजवळच्या ओढ्यावर एक अरुंद साकव आहे. रविवारी पाहुणे त्यावर गर्दी करून उभे राहात. मंडळाने सभा घेतली, हात वर करविले. साकव रविवारी दोर लावून बंद करावा ह्या बाजूस अकरा हात, विरुद्ध सहा. ठराव झाला, वहीत लिहिला गेला, चिटणीस गुरुजींनी लाल शाईने खाली रेघ ओढली. रविवारी सकाळी दोर लागला. दुपारी तो सुटलेला होता. विरुद्ध गेलेले सहाही हात साकवापलीकडे चहा-भजी आणि मक्याची कणसे विकणाऱ्या घरांतील होते. चार महिन्यांच्या पावसावर त्यांची वर्षाची मीठ-मिरची चालते. त्यांस कोणी विचारले नव्हते. केवळ मोजले होते.

पुन्हा सभा झाली. ह्या वेळी गुरुजींनी प्रश्न बदलला. साकव बंद करावा की नाही असे न विचारता, पाणी कोठवर आले म्हणजे तुम्ही स्वतःच्या मुलास साकवावर जाऊ देणार नाही, असे विचारले. सर्वांत आधी उत्तर दिले ते कणसे विकणाऱ्या एका बाईंनी. खांबावरचा एक दगड त्यांनी दाखविला. म्हाताऱ्या माणसांनी तो आणखी वीतभर खाली आणला. तेथे तांबडी खूण केली. पाणी खुणेला लागले की दोर चढेल, मग वार कोणताही असो; न लागले तर रस्ता मोकळा, परंतु साकवावर उभे राहावयाचे नाही. आणि दोराचे काम दिले कोणाकडे? त्याच सहा घरांकडे. दिवसभर तेथे असतात तेच ना! मंडळाचे तरुण रविवारी दोन तास येणार. ओढा मात्र सातही दिवस वाहतो. त्या पावसाळ्यात दोर किती वेळा चढला, ह्याची नोंद टपरीतील एका मुलीच्या वहीत मला पाहावयास मिळाली. आपल्या हजेरीपत्रकाहून ती नीट होती.

ह्यात एक पायरी आरंभी राहून गेली होती, तीही सांगतो. साकव मंडळाच्या मालकीचा नव्हे. तो बंद करण्याचा अधिकार मंडळास नाही. म्हणून पुढे हे प्रकरण ग्रामपंचायतीपुढे व ग्रामसभेपुढे ठेवण्यात आले, तहसील कचेरीस कळविण्यात आले. निर्णय घेण्यापूर्वी, हा निर्णय आपला आहे काय, असे प्रत्येक मंडळाने विचारले पाहिजे. गडांवर काम करणाऱ्या मंडळांनी तर विशेषच. लोहगड आणि विसापूर ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. लोहगड ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीतही गेला. तेथील कचरा वेचणे निराळे आणि ढासळलेला दगड उचलून आपल्या समजुतीप्रमाणे बसविणे निराळे. दुसऱ्या कामास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, मग मंडळात एकमत असो वा नसो. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा बळी गेला, हे आपल्या तालुक्यातीलच दुःख आहे. पूल किंवा साकव धोक्याचा दिसला तर आपण लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि महिन्याने पुन्हा कळवावे. ह्या पाठपुराव्यासाठी मंडळात एक स्वतंत्र माणूस नेमावा. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून उत्साही माणसास देऊ नये. चिवट माणसास द्यावे.

एकमताविषयी थोडे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाचे नाव आपण ऐकले असेल. तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. मला त्या गावची अधिक मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तेथील अभ्यासगट. तो चर्चा करतो, जाणकारांस बोलावितो, माहिती जमवितो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. जाणणारे आणि ठरविणारे ह्यांत असा भेद केला म्हणजे शिकलेल्याचे दडपण उरत नाही. आपल्या मंडळांत शिकलेले म्हणजे बहुधा आपणच; तेव्हा हा भेद आपल्याच उपयोगाचा आहे.

मात्र आपल्याकडे एकमत म्हणून जे लिहिले जाते ते पुष्कळदा दाराशी बसलेल्यांचे मौन असते. ठाकरवाडीचा मनुष्य उंबऱ्याजवळ बसतो, बायका भिंतीशी उभ्या राहतात, आणि वहीत लिहिले जाते ‘सर्वानुमते मंजूर’. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. जागा भरतात, आवाज येतोच असे नाही. सह्यांची वही घरोघर फिरवून सभा झाल्याचे दाखविणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, आणि एके काळी तशी वही मीही फिरविली आहे. उपाय साधे आहेत. शेवटी बसलेल्यास प्रथम विचारावे. आवणीच्या दिवसांत सकाळी सभा ठेवू नये. कधी सभा वाडीवरच भरवावी, म्हणजे गावकीस चढण किती ते कळेल. आणि कोणी विरुद्ध मत दिले तर ते नावानिशी, त्याच्याच शब्दांत वहीत लिहावे. आपले म्हणणे लिहिले गेले आहे हे पाहिल्यावर मनुष्य पुष्कळदा ठरावास साथ देतो.

पदांविषयी फार बोलत नाही. उत्सवाच्या पत्रिकेवर बावीस नावे छापण्यास माझी हरकत नाही. वडीलधाऱ्यांस मान मिळावा. परंतु कामाची यादी निराळी असावी, आणि तीत प्रत्येक कामापुढे दोन नावे असावीत: एक करणारा, दुसरा शिकणारा. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत एक वर्ष. मग शिकणारा करणारा होतो आणि नवा जोडीदार घेतो. पैसे दोघांच्या सहीवाचून निघू नयेत, जमाखर्च दर महिन्यास फळ्यावर लागावा. नोंदणीची घाई करू नये. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविण्यास सात माणसे पुरतात, परंतु त्यानंतरचा दरसालचा हिशेब व बदल अर्ज सात नावांनी होत नाही, त्यास कोणीतरी बसावे लागते.

एक इशारा मात्र निक्षून देतो. शाळेतील मुलांस पाण्याच्या, दोराच्या किंवा गर्दी आवरण्याच्या कामावर नेऊ नये. सहावी-सातवीची थोराड दिसणारी मुलेही नव्हेत. मुलांचे शिक्षण शाळेतच व्हावे. बालमंत्रिमंडळ आपण निवडतो, शपथ देतो, आणि पुढे पाणीमंत्र्याने हंडा भरावा एवढेच उरते. त्याऐवजी सहलीचे ठिकाण, बागेचे पाणी, खेळाच्या साहित्याची पाळी हे खरे निर्णय त्यांस घेऊ द्यावेत. चुकले तर महिनाभर ती चूक चालू द्यावी, मग पुन्हा सभा घ्यावी.

त्या ट्रंकेची किल्ली मी पुढे नेऊन दिली. ज्या तरुणाच्या हाती दिली त्याने तिथल्या तिथे दुसरी करवून घेतली आणि ती साकवाजवळच्या घरी ठेविली. मला हे तीन वर्षांत सुचले नव्हते.

पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या मंडळाची कामांची यादी एका कागदावर लिहून आणावी, प्रत्येक कामापुढे दोन नावे घालून. त्या कागदावर आपले स्वतःचे नाव एकाहून अधिक वेळा आले असेल, तर बाकीच्या ठिकाणी ते खोडून कोणाचे घालणार, तेही लिहून आणावे. कागद केंद्रप्रमुखांकडे आवणी सुरू होण्यापूर्वी पोचावेत.