डीलरची चूक, माझी चिप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या भागाचा मजकूर. बोलताना घेतलेले आठ-दहा 'म्हणजे' आणि एक कुकरची शिट्टी काढून टाकलीय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

आजचा विषय आहे दुसऱ्याची चूक आणि आपला फायदा. पण सुरुवात कॅसिनोपासून करते, कारण हा प्रश्न मला तिथेच पडला.

ऑफिसमधले आम्ही सहा जण गोव्याला गेलो होतो. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे आपल्या लोकांची ही हौस पणजीला मांडवीतल्या जहाजांवर भागते. तशाच एका जहाजावर मी ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसले होते. खेळ सोपा आहे. पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ च्या पुढे जायचं नाही. माझे झाले १९. डीलर मुलीने एकेक पत्ता उलटला, पंजी, चौकी, तिर्री, अठ्ठी. बेरीज २०, म्हणजे मी हरले. पण रात्रीचा दीड वाजलेला, तिची बेरीज चुकली आणि तिने माझ्या दोन हजारांच्या चिपशेजारी आणखी दोन हजारांची चिप ठेवली.

मी गप्प बसले. चिप उचलली आणि पुढचा डाव खेळले.

बाहेर डेकवर आल्यावर मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, तू २० वर अजून एक पत्ता मागितला असतास, तर कॅसिनोनं 'ताई, चुकताय तुम्ही' असं म्हटलं असतं का? त्यांचा सगळा धंदाच लोकांच्या चुकांवर चालतो. एक चूक तुझ्या बाजूने झाली तर बिघडलं कुठे?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर मात्र मी या विषयावर बरंच वाचून काढलं, आणि कोर्टांनाही हे उत्तर सोपं गेलेलं नाही असं दिसलं.

पहिला प्रकार निव्वळ डोकं वापरणाऱ्यांचा. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने १९६२ मध्ये 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिलं आणि ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कॅसिनोवर मात करता येते हे दाखवून दिलं. आज सगळ्यात जास्त वापरतात ती पद्धत अशी आहे. दुर्री ते छक्की बाहेर पडली की अधिक १, दश्शीपासून एक्क्यापर्यंत काही पडलं की वजा १, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य. बेरीज वर गेली म्हणजे उरलेल्या कॅटमध्ये मोठे पत्ते जास्त आहेत, तेव्हा पैज वाढवायची. नीट खेळणाऱ्याविरुद्धही कॅसिनोकडे साधारण अर्ध्या टक्क्याचा फायदा असतो. मोजणारा तो उलटवून स्वतःकडे साधारण एक टक्का आणतो. एवढ्या एका टक्क्यासाठी तासन् तास बसायचं!

आता बघा, यात फसवणूक काय आहे? सगळ्यांसमोर उघडे पडलेले पत्ते लक्षात ठेवणं, एवढंच. अमेरिकेत मनातल्या मनात पत्ते मोजणं बेकायदा नाही. पण लास व्हेगासमध्ये कॅसिनो म्हणजे खासगी जागा, त्यामुळे ते तुम्हाला 'बाकी काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको' म्हणू शकतात किंवा थेट बाहेरचा रस्ता दाखवू शकतात. न्यू जर्सीत केन उस्टन नावाचा खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेला. १९८२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनो कोणाला हाकलू शकत नाही. मग अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी काय केलं? कॅट वाढवले, पत्ते लवकर लवकर पिसायला लागले. म्हणजे तुम्ही या, बसा, पण जिंकू नका.

इथपर्यंत माझं मत अगदी पक्कं होतं. खेळाडू बरोबर, कॅसिनो रडीचा डाव खेळतोय.

मग फिल आयव्हीची केस वाचली आणि गाडी अडली.

आयव्ही हा पोकरमधला जगातला एक मोठा खेळाडू. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये तो पुंतो बांको, म्हणजे बॅकराचा एक प्रकार, खेळला आणि सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. कसं? काही पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना किंचित तिरकी जाते, त्यामुळे पत्त्याच्या दोन लांब कडा अगदी सारख्या नसतात. त्याच्यासोबतच्या चेउंग यिन सन या बाई हा फरक डोळ्यांनी ओळखायच्या. त्यांनी डीलरला सांगितलं, आमचा शुभ-अशुभावर विश्वास आहे, चांगले पत्ते जरा उलट दिशेने फिरवून ठेवा. डीलरने ठेवले. या खेळात महत्त्वाचे असतात सत्ती, अठ्ठी आणि नव्वी. हळूहळू ते सगळे एका दिशेला आणि बाकीचे दुसऱ्या. पत्ते यंत्राने पिसले जात होते, त्यामुळे दिशा बदलत नव्हती. एरवी कॅसिनोच्या बाजूने सव्वा टक्क्याच्या आतबाहेर असलेलं पारडं आता खेळाडूकडे साडेसहा टक्क्यांनी झुकलं.

क्लबने त्याचे मूळ १० लाख पौंड परत केले, पण जिंकलेले द्यायला नकार दिला. आयव्ही कोर्टात गेला. त्याने काहीच लपवलं नाही. मी हे केलं आणि हे कौशल्य आहे, फसवणूक नाही, असं तो म्हणाला. न्यायाधीशांनी मान्य केलं की त्याला मनापासून तसं वाटतं. तरीही तो हरला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की त्याला स्वतःला काय वाटतं हा मुद्दाच नाही. त्याने पत्ते नुसते पाहिले नाहीत, डीलरला हाताशी धरून त्यांची मांडणी बदलून घेतली, आणि ही फसवणूक आहे. तिकडे अटलांटिक सिटीतल्या बोरगाटा कॅसिनोनेही त्याच्यावर खटला भरला होता. तिथल्या न्यायाधीशाने फसवणूक मानली नाही, पण कराराचा भंग झाला म्हणून सुमारे १ कोटी डॉलर परत करायला सांगितलं. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटलं. एकच युक्ती, दोन कोर्टं, कारणं वेगळी, पैसे मात्र दोन्हीकडे कॅसिनोकडेच.

तरी मला एक रेघ सापडल्यासारखं वाटलं. चूक नुसती दिसली तर ठीक, चूक घडवून आणली तर नाही.

पण ही रेघही टिकली नाही. एप्रिल २०१२ मध्ये अटलांटिक सिटीच्याच गोल्डन नगेटमध्ये पुरवठादाराकडून आधीच पिसून यायला हवे होते ते कॅट न पिसताच आले. टेबलावर त्याच क्रमाने तेच पत्ते पडायला लागले. खेळाडूंच्या लक्षात आलं. १० डॉलरच्या पैजा ५ हजारांवर गेल्या, सलग ४१ डाव जिंकले आणि १५ लाख डॉलरच्या वर रक्कम झाली. या लोकांनी कोणाला काही फिरवायला सांगितलं नव्हतं, डोळे उघडे ठेवले एवढंच. तरी २०१५ मध्ये कोर्टाने सांगितलं की न पिसलेल्या पत्त्यांचा खेळ राज्याच्या नियमांप्रमाणे वैधच नव्हता, त्यामुळे जिंकलेले पैसे परत करा.

आणि आता आपल्या प्रांतातलं, म्हणजे सॉफ्टवेअरचं. ऑगस्ट २०१६, न्यूयॉर्कमधला रिसॉर्ट्स वर्ल्ड कॅसिनो. एका बाईंच्या स्लॉट मशीनवर आकडा झळकला, ४,२९,४९,६७२.७६ डॉलर. कॅसिनो म्हणाला, मशीन बिघडलं होतं, तुमचे होतात सव्वादोन डॉलर. वर एक स्टेकचं जेवण देऊ केलं. मशीनवर लिहिलेलंच असतं की बिघाड झाल्यास सगळं रद्द. ऐकणाऱ्यांत प्रोग्रामर असतील त्यांनी हा आकडा सेंटमध्ये करून बघा. दोनचा ३२ वा घात वजा २०! म्हणजे वजा २० ही संख्या ३२ बिटच्या, चिन्ह नसलेल्या डब्यात कोंबली तर हेच दिसेल. माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेला कोड असणार तो.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. २००९ मध्ये जॉन केन या माणसाला गेम किंग नावाच्या व्हिडिओ पोकर मशीनमध्ये एक बग सापडला. ठरावीक क्रमाने बटणं दाबून पैजेचं मूल्य बदललं की जुनाच जिंकलेला डाव नव्या, मोठ्या दराने पुन्हा पैसे द्यायचा. त्याने आणि त्याचा मित्र आंद्रे नेस्टरने त्यावर भरपूर कमावलं. सरकारने त्यांच्यावर चक्क हॅकिंगचा कायदा लावला, पण २०१३ मध्ये तो आरोप मागे घ्यावा लागला. मशीनवरची बटणं दाबण्याची परवानगी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला असते.

हे सगळं वाचताना मी आयव्हीच्या, केनच्या बाजूने विचार करत होते. पण खरं सांगायचं तर माझी जागा पलीकडे आहे. मी कॅसिनोच्या बाजूला बसून काम केलंय.

माझ्या आधीच्या नोकरीत, कंपनीचं नाव घेत नाही, आम्ही पेमेंट वॉलेट बनवायचो. एक ऑफर होती. विजेचं बिल भरा, ५० रुपये कॅशबॅक. कोड माझा. बिल भरणं फेल होऊन पैसे परत गेले तर कॅशबॅकही परत घ्यायला हवा होता, ते मी विसरले. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा ५०. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज गेलं (हो, शुक्रवारी), सोमवारी सकाळी कळलं. साधारण १,९०० खात्यांत जास्तीचे पैसे.

मॅनेजर म्हणाला, सगळी खाती गोठव, नंतर बघू. क्वेरी मी लिहायची होती. लिहिण्याआधी मी डेटा बघितला. बहुतेकांकडे ५० किंवा १०० रुपये जास्त. वीज कंपनीचा सर्व्हर बंद होता, बिचाऱ्यांनी दोनदा-तीनदा प्रयत्न केलेला, त्यांना बहुधा माहीतही नसेल. काहींनी आठ-दहा वेळा करून मग थांबवलं होतं. आणि १४ खाती अशी, ज्यांनी रात्रभर, खात्यात पैसे नसलेलं कार्ड मुद्दाम वापरून, शेकडो वेळा व्यवहार फेल केला होता. आज मी त्याला पत्ता फिरवून ठेवणं म्हणेन.

तीन प्रकारची माणसं स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती. मी क्वेरी लिहिली ती मात्र एकच. जास्तीची रक्कम शून्यापेक्षा मोठी असेल तर खातं बंद.

दुसऱ्या दिवशी एक तक्रार आली. वॉलेटमध्ये माणसाचे स्वतःचे ३,२०० रुपये होते, मुलाच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. आमचे जास्तीचे होते ५०. मराठीत लिहिलं होतं, "चूक तुमची, मग माझे पैसे का अडवले?" मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकलं. तिसऱ्या दिवशी न राहवून मॅनेजरला म्हटलं की फक्त जास्तीची रक्कम वळती करू, खाती उघडू. तो तयारही झाला. मी पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी कदाचित झाला असता. ही खंत माझी, त्याची नाही.

आणि एक गोष्ट, जी मी तेव्हा बोलले नाही. त्याच्या दोन महिने आधी उलटा बग आला होता. लोकांना मिळायला हवा तो कॅशबॅक मिळालाच नव्हता. तेव्हा यादी काढणं तितकंच सोपं होतं. आम्ही फक्त तक्रार करणाऱ्यांना पैसे दिले. बाकीच्यांसाठी कोणी मला क्वेरी लिहायला सांगितली नाही, आणि मीही लिहिली नाही.

म्हणजे मित्राचा गोव्यातला प्रश्न बरोबरच होता. मोठी संस्था आपली चूक 'तांत्रिक बिघाड' म्हणून रद्द करते आणि गिऱ्हाइकाची चूक 'नियम व अटी' म्हणून खिशात घालते. हे मी आतून बघितलंय. पण म्हणून माझी चिप माझी होते का?

लहानपणी आम्ही एसटीने आजोळी जायचो. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा. एकदा उतरताना त्याने ५० च्या जागी १०० ची नोट दिली. मी खूश. आईने ती तिथल्या तिथे परत केली आणि मला म्हणाली, "रात्री हिशेब लागला नाही तर तो स्वतःच्या खिशातून भरतो. एसटीचं काही जात नाही."

त्या जहाजावर ते दोन हजार नक्की कोणाकडून वसूल झाले असतील, मला माहीत नाही. प्रत्येक टेबलावर वर कॅमेरा असतो, एवढं माहीत आहे. मी कॅसिनोशी खेळतेय असं समजत होते, पण चूक कॅसिनोची नव्हती, रात्री दीड वाजता उभ्याने बेरीज करणाऱ्या एका मुलीची होती. पत्ते मोजून मी तेच दोन हजार जिंकले असते, तर मला आजही काही वाटलं नसतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही.

नव्या नोकरीत मी आता एक गोष्ट करते. चुकून जास्त गेलेले पैसे शोधायची क्वेरी लिहिली, की त्याच दिवशी चुकून कमी गेलेल्यांचीही लिहिते आणि दोन्ही याद्या एकाच मेलमध्ये पाठवते. दर वेळी दुसऱ्या यादीचे पैसे जातातच असं नाही. पण निदान ती यादी बघितली नाही, असं कोणाला म्हणता येत नाही.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? जास्तीचे सुट्टे, दोनदा आलेलं पार्सल, चुकून लागलेला कूपन कोड. तुम्ही काय केलंत ते कळवा, आणि परत केलं नसेल तर तेही लिहा. पुढच्या भागात वाचून दाखवेन, नाव न घेता. भेटू!