होडी, मोटार आणि वल्हे



खानदेशातल्या माणसाने होडीविषयी भाषण करावे याचे कित्येकांना नवल वाटेल. केळी, कापूस, भरीत, उन्हाळा असे काही बोलावे, होडी ती कोकणातल्यांची, असे आपण धरून चालतो. पण जरा नकाशा पाहा. सातपुड्याच्या मुलताईकडून निघालेली तापी आपले तिन्ही जिल्हे ओलांडून पश्चिमेला जाते. तिच्यावर हतनूरचे धरण आहे. खाली शिंदखेडे तालुक्यात सुलवाड्याचा बंधारा आहे. त्याच्याही पुढे सारंगखेडे आणि प्रकाशे. पांझरेवर अक्कलपाडा, वाघूर नदीवर वाघूर. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नवापूरकडे उकाई धरणाचे पाणी येऊन टेकते. या साऱ्या पाण्यावर भोई, कोळी आणि आदिवासी बांधव पहाटे जाळी काढतात. बाजारात आपण रोहू-कटला घासाघीस करून घेतो, त्यामागे कुणीतरी चार-पाच किलोमीटर वल्हे मारलेले असते.

मी भूगोल शिकवतो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो.

माझ्या वर्गात हतनूरच्या फुगवट्याच्या काठचा एक विद्यार्थी होता. मुलगा हुशार, पण हजेरी निम्म्याहूनही कमी. नियमाप्रमाणे त्याला परीक्षेला बसता येणार नाही, हे मी त्याला बजावले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. उजवा हात खांद्यापासून नीट उचलत नव्हता. म्हणाले, “सर, वीस वर्षं वल्हं मारलं, खांदा गेला. आता पोरगं वल्हं मारतं तेव्हा चूल पेटते. तुम्ही सांगा, याला वर्गात बसवू का होडीत?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग कुठेसे वाचलेले आठवले, की होडीच्या मागे लावायची विजेची लहानशी मोटार मिळते. ती बॅटरीवर चालते आणि एका हाताने चालवता येते. मोठ्या उत्साहाने मी त्या कामात पडलो.

इंग्रजीत या यंत्राला ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. ‘ट्रोलिंग’ आणि समुद्रावरच्या ‘ट्रॉलर’चे ‘ट्रॉलिंग’ यांत पुष्कळांची गल्लत होते. ट्रॉलर म्हणजे मोठे जाळे ओढणारी बोट. ट्रोलिंग म्हणजे गळाची दोरी पाण्यात सोडून होडी सावकाश चालवणे. त्या सावकाश चालीसाठी ही मोटार निघाली. विजेवर होडी चालवण्याची कल्पना मात्र पुष्कळ जुनी. १८३८ मध्ये याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवून दाखवली. १८८१ मध्ये त्रुव्हे याने पॅरिसला सेन नदीत तोच प्रयोग केला. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत मासेमारीची छोटी मोटार तयार झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांवर १९५० नंतर इंजिने चढू लागली, ती तेलाची. धरणाच्या पाण्यावर तेलाच्या इंजिनाला एक दोष आहे: आवाज होतो तो होतोच, शिवाय तेलाचा तवंग पसरतो, आणि हतनूरचे पाणी भुसावळकडची किती गावे पितात हे तुम्ही जाणता.

आता आमची फजिती ऐका. मोटार आणली. एका दुकानदाराने तिच्याबरोबर ट्रॅक्टरची बॅटरी आणि घरातल्या बटणांना वापरतात तसली बारीक वायर दिली. मीही हो म्हटले. बॅटरी मोटारीजवळच मागे ठेवली. वायर जास्त होती, तिचे वेटोळे करून जाळ्याखाली दडपले. आणि वर मी शहाणपणा केला. म्हटले, “आता वल्ही कशाला? तेवढेच ओझे कमी.” वैशाखातली दुपार. आम्ही तिघे निघालो. जाताना पूर्वेकडे, वारा पाठीशी. होडी तरतर गेली. जाळी ओढली. परतताना पश्चिमेचा वारा तोंडावर आला. मोटार पूर्ण वेगावर ठेवली. होडीची शेपूट बसलेली, नाक वर, आणि त्या नाकाला वारा ढकलतो आहे. थोड्या वेळाने जळका वास आला. जाळे बाजूला करतो तो वायरचे वेटोळे वितळून एकमेकांना चिकटलेले! मोटार थांबली. वारा आम्हांला पुन्हा मागे नेऊ लागला आणि काठ दूर दूर जाऊ लागला.

मला पोहता येत नाही, हे तेव्हा मला फार स्पष्टपणे आठवले.

म्हाताऱ्याने काही न बोलता फळीखालून एक वल्हे काढले. मी नको म्हटले असतानाही त्याने ते ठेवले होते. मुलाने गुडघे टेकून, कधी या अंगाने तर कधी त्या अंगाने, दोन तास ते मारले. काठाला लागलो तेव्हा अंधार पडला होता. उतरताना म्हातारा एवढेच म्हणाला, “सर, यंत्र पोटासाठी, वल्हं जिवासाठी.”

त्यानंतर मी जाणकारांकडे गेलो, वाचले, विचारले. जे शिकलो ते क्रमाने सांगतो. एका चुकीत दुसरी चूक कशी गुंतलेली असते, हे त्यावरून कळेल.

पहिली गोष्ट मोटारीच्या जोराची. या मोटारी अश्वशक्तीत मोजत नाहीत, ढकलण्याच्या जोरावर मोजतात आणि तो पौंडांत लिहितात. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. ढोबळ हिशेब असा, की भरलेल्या होडीच्या दर १०० किलोंना किमान २ किलो जोर हवा. होडी २०० किलो, दोन माणसे १२०, जाळी आणि मासळी ८०, बॅटरी आणि सामान ५०. एकूण ४५० किलो. म्हणजे किमान ९ किलो जोर. वारा आणि ओढ यांसाठी दीडपट धरा, सुमारे १४ किलो. म्हणजे तीसबत्तीस पौंडांची मोटार चालेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर भरपूर वीज देण्यासाठी केलेली असते. ती रोज अर्धी रिकामी केली तर लवकर मरते. आपल्याला हवी ती हळूहळू, तासन्‌तास वीज देणारी, घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची. तीही निम्म्याच्या खाली उतरवू नये. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास आली की निम्मी संपली असे समजावे. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या वजनाने पुष्कळच हलक्या आणि अधिक खोलवर वापरता येतात, पण महाग पडतात.

आता हिशेब पाहा. अशी मोटार पूर्ण वेगात तीसेक अँपिअर खाते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ५० वापरायचे, म्हणजे फार तर दीड तास. पण वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती निम्मी होत नाही, ती जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. म्हणून सावकाश जाणारा लांब जातो. एक सावधगिरी मात्र ठेवा. स्वस्त मोटारींत वेग कमी करताना काही वीज तारेच्या कुंडल्यात नुसती उष्णता होऊन जाते. ज्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे त्यांतच खरी बचत होते. घेताना हे विचारावे.

तिसरी गोष्ट वायरची, जिने आमचा घात केला. बॅटरीपासून मोटारीपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबे. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर ३० अँपिअरला वाटेतच सव्वादोन-अडीच व्होल्ट खर्च होतात. बारातले अडीच! ते कुठे जातात? वायर तापवण्यात. वेटोळ्यात दडपली की ती उष्णता बाहेर पडत नाही. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टापेक्षाही कमी नुकसान होते. वायर जाड घ्या, नेमकी लागेल तेवढीच घ्या आणि बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी लागून फ्यूज बसवा. फ्यूज मोटार सांगेल त्या आकड्याचा असावा. मोटार अडली किंवा तारा चिकटल्या तर जळायचे ते फ्यूजने, होडीने नव्हे.

चौथी गोष्ट वजनाची. गाडीवान श्रोत्यांना हे सांगावे लागणार नाही. मागे ओझे झाले की गाडी उलाळ होते, पुढे झाले की धुरजड. होडीचेही तसेच. चालवणारा मागे, मोटार मागे. म्हणून बॅटरी मध्याच्या थोडी पुढे हवी. ती झाकणाच्या पेटीत, तळाला पट्ट्याने बांधलेली असावी. पेटीला हवा खेळायला भोके ठेवावीत, कारण साध्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. चार्जिंग उघड्या जागी करावे आणि तिथे विडी पेटवू नये.

पाचवी गोष्ट बसवण्याची. ही मोटार दोन पेचांच्या शिकंज्याने मागच्या सपाट फळीला धरते. आपल्या कित्येक होड्या दोन्हीकडे निमुळत्या असतात, त्यांना सपाट पाठ नसते. तिथे सागाची जाड आडवी फळी आरपार बोल्ट आणि रुंद वॉशर घालून पक्की करावी. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नये. मोटारीला एक दोरी बांधून ती होडीला अडकवावी. शिकंजा सुटला तर मोटार तळाशी जाणार नाही. पंखा पाण्यात वीतभर तरी बुडलेला हवा. वर राहिला तर नुसती हवा घुसळतो.

आणि जाळ्यापाशी मोटार बंद. नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला की तो दट्टा कापतो आणि पाणी मोटारीत शिरते. आठवड्यातून एकदा बॅटरीची तार सोडून, मगच पंखा काढून तिथे धागा आहे का पाहावे. पंख्याला एक बारीक खीळ असते. दगडाला आदळल्यावर ती तुटते आणि मोटार वाचते. तशा दोन खिळी आणि एक पाना होडीत असू द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. एक मीटर, एक बॅटरी आणि बारीक व जाड अशा दोन वायरी घेऊन हा व्होल्ट घटण्याचा प्रयोग वर्गात सहज होतो. तरफेचा नियम होडीतल्या बॅटरीवरून शिकवा. नदीकाठच्या मुलाला तो पुस्तकातला वाटणार नाही.

कायद्याचेही पाहावे लागते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राने चालणाऱ्या जलयानांची नोंदणी सांगितली आहे. शिवाय धरणाचे पाणी पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आणि मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यात असते. म्हणून पैसे खर्चण्याआधी आपल्या संस्थेला, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि धरणाच्या कार्यालयाला विचारून घ्यावे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की त्या ओढीपुढे तीस पौंडांच्या मोटारीचे काही चालत नाही. मोटार आहे म्हणून दरवाजांकडे जाऊ नये आणि अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडी सोडू नये.

आमच्या होडीवर दुसऱ्यांदा मोटार चढली ती या साऱ्या गोष्टी सांभाळून. मीही पुन्हा बसलो, या वेळी जाकीट घालून. वायरला हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नव्हती. रात्री घरी बॅटरी भरायला पाऊण-एक युनिट वीज लागते. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला मोटारीचा दांडा पेलतो; पहाटेच्या फेरीला आता धाकटा भाऊ तेवढा बरोबर जातो आणि साडेसातच्या आत दोघे काठाला असतात. मुलगा त्या वर्षी परीक्षेला बसला नाही, नियम तो नियमच. पण पुढल्या वर्षी त्याची हजेरी पुरी भरली आणि तो दुसऱ्या वर्गात पास झाला.

त्या होडीत आजही फळीखाली एक नव्हे, दोन वल्ही असतात. तुम्ही मोटार बसवाल तेव्हा तुमच्याही होडीत ती असू द्या, एवढेच सांगून तुमची रजा घेतो.