ठाण्यातलं ज्ञान वर्गात यावं

अंतर्गत सुरक्षा हा विषय शिकवणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांनो,

आपण कोलकात्यात जमलो आहोत, याला अर्थ आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने या शहराने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पुढे बुजलाही. पण बागबाजारातल्या एका गल्लीला ‘मराठा डिच’ हे नाव अजून आहे आणि बंगाली अंगाईतून बर्गी, म्हणजे ते मराठा स्वार, अजून गेलेले नाहीत. सुरक्षेचा इतिहास दप्तरात असतो तसा अंगाईतही असतो. आपण तो अंगाई गाणाऱ्या आईच्या बाजूनेही शिकवायला हवा.

आज एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. हा विषय शिकवणारा माणूस कुठून आलेला असावा?

सध्या दोन वाटा आहेत. एक विद्यापीठातली. पुणे विद्यापीठात १९६३ पासून संरक्षणशास्त्राचा विभाग आहे. तिथून किंवा राज्यशास्त्र, इतिहास शिकून, नेट आणि पीएच.डी. करून आपल्यापैकी अनेक जण आले. दुसरी वाट गणवेशाची : निवृत्त सेनाधिकारी, पोलीस अधिकारी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केल्यावर ही वाट रुंद झाली. पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा. मात्र तो शक्यतो वरिष्ठ पदावरचा असावा, असंही नियम सांगतो. मी अडतो तो या ‘वरिष्ठ’ शब्दापाशी.

कारण याच शहरात, रायटर्स बिल्डिंगमध्ये, १८९७ साली जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला. त्याची पद्धत जगभर गेली ती पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. पण तिचं गणित मांडलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी. दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर सोळा गुण, पुढे आठ, चार, दोन, एक. प्रत्येक जोडीतलं एक बोट अपूर्णांकाच्या अंशात, एक छेदात. दोन्हींकडे एक मिळवायचा. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ कप्पे. ठशांचा नवा कागद कोणत्या कप्प्यात शोधायचा, हे कारकुनाला लगेच कळायचं. हक प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले होते. वर्ग आणि ठाणं एका माणसात भेटले, म्हणून हे घडलं.

आमच्या वर्गात एकदा किनाऱ्यावरच्या ठाण्यातून निवृत्त झालेले हवालदार आले होते. कागद न घेता बोलले. ‘‘होडीचे कागद मागाहून बघा, आधी जाळ्याला हात लावा. मासे मारून आलो म्हणतो आणि जाळं कोरडं, बर्फाच्या खणाला वास नाही, तर त्याला थांबवा.’’ मी कित्येक वर्षं सागरी सुरक्षेवर शिकवत होतो. हे वाक्य माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना आधी पाहिलं तेही मच्छीमार वस्तीतल्या माणसांनीच.

अनुभव म्हणजे आपोआप ज्ञान नव्हे, हेही मला ठाऊक आहे. नुसत्या आठवणींनी तास रंगतो, पण विद्यार्थी तपासून बघायला शिकत नाही. म्हणून माझा आग्रह जोडीने शिकवण्याचा आहे. हवालदाराने सांगावं, अध्यापकाने विचारावं : हे कधी चुकलं? निरपराध माणूस यात अडकला का? कायदा काय म्हणतो? उत्तरं लिहून ठेवावीत, पुढच्या वर्षी पुन्हा पारखावीत. अग्निशमन जवान, होमगार्ड, पूरग्रस्त गावाचा तलाठी, दंगलीनंतर मोहल्ल्यात शांतता समिती चालवणारी बाई, या सगळ्यांना असं बोलवावं आणि मानधन पाहुण्या प्राध्यापकाइतकंच द्यावं.

बोस आणि हक यांचं काम वरिष्ठाच्या नावावर जगभर गेलं. आपल्या अभ्यासक्रमात असं होऊ नये. सांगणाऱ्याचं नाव व हुद्दा टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहायचा, एवढा ठराव आज करूया. माझ्या सागरी सुरक्षेच्या टिपणांवर त्या हवालदारांचं नाव मी घातलं आहे.