बॅटरी किती लवकर भरते?

सिंगापुरात २०३० पासून निव्वळ पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या कारची नोंदणी बंद होणार आहे. इथली बहुतेक माणसं एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. स्वतःच्या दारात रात्रभर गाडी चार्जिंगला लावण्याची सोय फार थोड्यांना आहे. एका चार्जरवर अनेक शेजारी अवलंबून असतील, तर बॅटरीत वीज किती मावते याइतकंच ती किती लवकर भरते आणि किती वर्षं टिकते, हेही पाहायला हवं. बॅटरीसाठीचे नवे पदार्थ मात्र अजूनही पहिल्याच मापाने तोलले जातात, आणि मला ते चुकीचं वाटतं.

आज लिथियम-आयन बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडमध्ये सहसा ग्रॅफाइट असतं. त्याची क्षमता ग्रॅममागे फार तर ३७२ मिलीअँपिअर-तास. टिन ऑक्साइडची याच्या दुपटीहून जास्त, आणि लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे जवळपास आपल्या गंजाचीच, सुमारे १०००. आकडे मोहात पाडणारे आहेत खरे. पण लिथियम आत शिरलं की टिन तिपटीहून अधिक फुगतं, बाहेर पडलं की आक्रसतं. चार्जिंगच्या फेऱ्या वाढत जातात तसे कण भेगाळतात, एकमेकांपासून सुटतात, आणि सुटलेल्या कणापर्यंत वीज पोचतच नाही. त्यातून अशी बरीच ऑक्साइडं विजेची मंद वाहक. म्हणून केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा कार्बन नॅनोट्यूबवर ऑक्साइडचा पातळ थर चढवतात. नळ्यांच्या जाळीत फुगायला जागा राहते आणि प्रत्येक कणाला विजेची वाट मिळते. या जोडीची खरी कमाई हीच आहे.

२०१४ साली इथल्या नानयांग विद्यापीठात चेन शियाओदोंग यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्याच नळ्या केल्या. त्या कार्बनच्या नव्हेत, हे लक्षात घ्यावं. दोन मिनिटांत ७० टक्के चार्जिंग, असा त्यांचा दावा होता. या ऑक्साइडची क्षमता ग्रॅफाइटहून जास्त नाही, तरी वेग मिळाला. कोणी म्हणेल, या ऑक्साइडने बॅटरीचं व्होल्टेज घटतं, गाडी कमी अंतर जाते. खरं आहे. पण त्याच कारणाने वेगाने चार्ज करताना धातुरूप लिथियम साचण्याचा धोकाही टळतो. ठरलेल्या मार्गावरच्या बसला हा सौदा परवडेल.

दुसरा आक्षेप मला जड वाटतो. कार्बन नॅनोट्यूबचा प्रचंड पृष्ठभाग पहिल्याच चार्जिंगमध्ये लिथियम गिळतो, आणि ते परत येत नाही. म्हणून नळ्या बेतानेच घालाव्यात, आणि संशोधकांनी ग्रॅममागच्या क्षमतेशेजारी ही पहिली तूट आणि पूर्ण बॅटरीतला घनफळाचा हिशेबही छापावा.